सेल्माचे मलम

मी, ऑर्ट्रूड हॉयबाख, वय सत्त्याहत्तर, अविवाहित, धंदा मलमे करणे, राहणार श्वार्त्सब्रुन, थुरिंगियाचा डोंगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी खात्रीसाठी आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि त्यांच्या मनगटावरच्या पुरळावर काय लावायचे तेही सांगितले. माझ्यावर कोणाचीही जबरदस्ती नाही. निदान जिवंत माणसाची नाही.

कलम १. माझी वही, तांब्याची पातेली, चाळण्या आणि बागेतील वाफे मी औषधांच्या दुकानातील आनेकाट्रिन त्सिल्मर हिला देते. ती नऊ वर्षे दर शनिवारी शिकायला येते आणि मी ओरडले तरी रुसत नाही. आनेकाट्रिन, तुला सगळे पाठ आहे, तरी पुन्हा लिहिते. कॅलेंड्युलाच्या पाकळ्या पूर्ण वाळल्याशिवाय तेलात घालू नकोस. ओल राहिली तर बुरशी येते. खाजेला ओटचे पीठ, कोमट पाण्यात. तडकलेल्या कातडीला गुलखैऱ्याचे मूळ. त्याचा बुळबुळीत अर्क ओलावा धरून ठेवतो. लाली आणि जळजळ असेल तर कॅमोमाइल. मात्र प्रत्येक रोपाचे एक फूल नखाने उभे चिरून बघ. आतला गोंडा पोकळ आणि वास सफरचंदासारखा असेल, तरच ते खरे. गोंडा भरीव असेल आणि चुरडल्यावर घाण वास येत असेल, तर ते कुत्रा-कॅमोमाइल. लांबून दोन्ही सारखीच दिसतात, पण हे दुसरे कातडीवर फोड आणते.

मलम डब्यांत ओतून झाले की खोलीला कुलूप घाल. सकाळी उघडशील तेव्हा आधी डब्यांकडे बघ. का, ते कलम ४ मध्ये आहे.

कलम २. शहरातून प्रसाधनांच्या कंपनीचा जो माणूस तीनदा येऊन गेला, त्याला वहीचे एक पानही दाखवू नये. तो म्हणाला होता, "आजी, डब्यावर एवढंच छापू या. नैसर्गिक, म्हणून निर्धोक."

"धोतराही नैसर्गिकच आहे," मी म्हटले. "चहात घालू का थोडा?"

त्याने कप खाली ठेवला आणि पुन्हा उचलला नाही.

कलम ३. आता सेल्मा. माझी धाकटी बहीण, माझ्याहून सात वर्षांनी लहान. जन्मापासून तिची मान, कोपरांच्या खाचा, गुडघ्यांच्या मागची बाजू लाल आणि ओलसर असे. तिच्यासाठीच मी आईकडून मलम करायला शिकले. ती ते तीन बोटांनी खरवडून घ्यायची. लहानपणी दारात चेमटल्यामुळे तिचे मधले बोट वाकडे होते.

१९६८ च्या जूनमध्ये मी चोवीस वर्षांची होते. एका दुपारी आईने मला कॅमोमाइलची फुले खुडायला पाठवले. रस्त्याच्या वळणावर एकजण मोटारसायकल घेऊन माझ्यासाठी थांबला होता. बागेत एकेक फूल बघत बसण्याऐवजी मी जवाच्या शेताच्या कडेने मिळतील ती फुले टोपलीत ओरबाडली आणि पळाले. चिरून बघितले नाही. वासही घेतला नाही.

"ताई, हे चावतंय गं," सेल्मा म्हणाली.

"ताजं आहे म्हणून. लाव गुपचूप, नखरे नकोत."

मी सांगितले म्हणून ती लावत राहिली. तिसऱ्या दिवशी फोड आले, मग ते फुटले. तिला इस्पितळात नेईपर्यंत विष रक्तात उतरले होते. नवव्या दिवशी ती गेली. सतरा वर्षांची होती.

मलमात लागणारे लोकरीचे मेण आम्ही शेजारच्या लीस्बेथ आनश्युट्सकडून घेत असू. ती मेंढ्या पाळायची. दफनाच्या वेळी आईने सगळ्या गावासमोर तिच्याकडे बोट केले. "हिच्या सडक्या मेणानं माझी पोर खाल्ली!" त्याआधी दोन दिवस मी चाळणीतली उरलेली फुले चिरून पाहिली होती. निम्मी भरीव होती. मी ती चुलीत जाळली. आई ओरडली तेव्हा मी तिचा दंड धरून शेजारी उभी होते. मी काही बोलले नाही.

त्यानंतर लीस्बेथचे मेण कोणी घेतले नाही. दोन वर्षांत तिच्या मेंढ्या विकल्या गेल्या. आजही तिची ओळख करून देताना लोक आवाज खाली आणतात.

कलम ४. पुढच्या उन्हाळ्यात मी मलमाची चार पातेली केली, प्रत्येकी सहा डबे. खोलीची किल्ली माझ्या एप्रनच्या खिशात होती. सकाळी एका पातेल्याच्या सहाही डब्यांतल्या मलमावर तीन बोटांनी खरवडल्याच्या रेघा होत्या. मधली वाकडी.

मी घाबरले नाही. पोरीची खाज अजून शमली नाही, असे वाटून मला रडू आले. ते डबे मी तिच्यासाठी खिडकीत ठेवले. कधी एक वर्ष, कधी तीन वर्षे मध्ये जात. मग पुन्हा एखाद्या पातेल्यावर रेघा उमटत. १९८५ मध्ये मी त्यातले थोडे मनगटाला लावले. संध्याकाळपर्यंत फोड आला. त्या पातेल्याची गाळलेली फुले चिरली, तर दोन भरीव निघाली. पुढे जेव्हा जेव्हा रेघा उमटल्या, तेव्हा तेव्हा हेच निघाले.

ती मलम घ्यायला येत नव्हती. माझे काम तपासायला येत होती.

कलम ५. यंदाच्या जूनमध्ये चोवीसच्या चोवीस डब्यांवर रेघा होत्या. मी एकूण एक फूल चिरले; सगळी पोकळ, वास गोड. मलम मनगटाला लावले, गालाला लावले, काही झाले नाही. पुन्हा नवे केले. या वेळी रेघा डब्याच्या तळाच्या पत्र्यापर्यंत गेलेल्या होत्या. तिसऱ्या दिवशी झाकून ठेवलेल्या लोण्यावरही त्या उमटल्या, तेव्हा मला कळले की खोट मलमात नाही.

मी लीस्बेथकडे गेले. त्रेपन्न वर्षांत पहिल्यांदा. ती बटाटे सोलत होती.

"पाय पूस," ती म्हणाली.

"लीस्बेथ, तुझ्या मेणात काही वाईट नव्हतं."

"मला सांगतेस? कुरणावरून दिसत होतीस तू. हात फुलांवर आणि मान सगळी रस्त्याकडे."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुझी आई उभी होती ना समोर. एक पोर गेलेली तिची. दुसरी पण मी काढून घेऊ तिच्या हातातून?"

"आईला जाऊन एकतीस वर्षं झाली गं."

"हो ना. तेव्हापासून तुझी वाट बघतेय."

मी तिला माझे घर देऊ केले. ती हसली. "घर काय चाटायचंय मला या वयात? सगळ्या गावासमोर सांग. माझ्या मेंढ्या चांगल्या होत्या, हे पण सांग."

"जिवंतपणी नाही जमणार मला."

"भित्री होतीस, भित्रीच राहिलीस," ती म्हणाली आणि पुढचा बटाटा उचलला.

त्यानंतर मी मलम केलेले नाही. रेघा थांबल्या की नाही, ते मला ठाऊक नाही. लोण्याच्या भांड्याचे झाकण मी उघडत नाही.

कलम ६. लीस्बेथ नको म्हणाली तरी माझे घर, सामानासह, मी तिलाच देते. तिने ते विकावे, जाळावे किंवा त्यात मेंढ्या बांधाव्यात.

कलम ७. माझ्या दफनानंतर गावाच्या खानावळीत कॉफी आणि आलुबुखाऱ्याचा केक मांडला जाईल. कोणीही घास घेण्याआधी आनेकाट्रिनने कलम ३ ते ५ उभे राहून, मोठ्याने, एकही शब्द न गाळता वाचावे. लीस्बेथला पहिल्या टेबलाशी बसवावे. वाचून झाल्यावर तिच्याआधी कोणी बोलू नये. ती काहीच बोलली नाही, तर केक तसाच सोडून सगळ्यांनी घरी जावे.

आमच्या कायद्याला हाताने लिहिलेल्या मृत्युपत्रावर साक्षीदार लागत नाहीत. मला लागतात. दोघांनी मजकूर वाचलेला नाही. मला सही करताना पाहिले आहे.

साक्षीदार: गुंडुला राइस, धर्मोपदेशिका
साक्षीदार: फोल्कर त्सीट्स, पोस्टमन

सही: ऑर्ट्रूड हॉयबाख
श्वार्त्सब्रुन, १४ ऑक्टोबर २०२१