हास्य क्लबातल्या नवीन सभासदांचे सत्कार

१ नोव्हेंबर १९९८, रविवार
नगरहून पत्र. महिनाअखेर दहा सभासद नसतील तर हास्य क्लबाची नेवासा शाखा बंद. सध्या आम्ही सहा. मी अध्यक्ष. दारावरची पाटी परवाच रंगवली आहे!
घाबरायचं कारण नाही. दर रविवारी नवीन सभासदांचा स्वागत समारंभ ठेवतो. सत्काराला नाही म्हणणारा माणूस मी अजून पाहिला नाही. बायको, दीना, म्हणाली, आधी माणसं आणा, मग नारळ. हिला प्लॅनिंग कळत नाही. दोन डझन नारळ आणले.

८ नोव्हेंबर, सकाळी ९
पहिला समारंभ जोरात. नवीन दोघं: टेम्पोवाला बन्सी आणि रिटायर्ड नर्स लंकाबाई. रीतीप्रमाणे आधी नवीन सभासदांच्या हस्ते जुन्यांचे सत्कार, मग जुन्यांची मनोगतं. शेवटी मी दोन शब्द बोललो. पन्नास मिनिटं.
बन्सीचा नंबर येणार तोच तो उठला. म्हणाला, सर, घोडेगावला माल टाकायचाय, नारळ ऱ्हाऊ द्या. भारावला होता बिचारा. लंकाबाईंनी विचारलं, ह्यात हसायचं कवा? मी कार्यक्रमपत्रिका दाखवली. आभारप्रदर्शनानंतर. पण तेवढा वेळ उरला नाही.

९ नोव्हेंबर
दोघंही आले नाहीत. नवीन माणसं लाजतात.

१५ नोव्हेंबर
चूक सापडली. फेटे नव्हते! आज खास फेटेवाला बोलावला. नवीन सभासद रंभाजी, एसटीचे रिटायर्ड कंडक्टर. जुन्यांचे फेटे बांधून होईपर्यंत तासभर गेला. रंभाजींचा अर्धा बांधला आणि माझं भाषण सुरू झालं, तसे ते उठून चालू लागले. फेट्याचं टोक फेटेवाल्याच्या हातात. तो मागे धावतोय, रंभाजी पुढे.
सगळे पोट धरून हसले. क्लब निघाल्यापासून प्रथमच. मी लगेच सगळ्यांना शांत केलं. समारंभाचं गांभीर्य म्हणून काही असतं.

२२ नोव्हेंबर
उपस्थिती: मी. थंडी फार.
रोज जेवणात खोबऱ्याची चटणी. दीना मात्र हल्ली खुशीत असते. रोज सहाला दूध आणायला म्हणून जाते, तासाने गाल लाल करून येते. दूध तर गवळी घरी टाकतो. विचारलं नाही. डोक्याला शाखेची काळजी थोडी आहे का!

२९ नोव्हेंबर, सकाळी ७
दीनाच्या मागोमाग गेलो. प्रवरेच्या घाटावर माझे पाचही जुने सभासद, बन्सी, लंकाबाई, रंभाजी आणि मधोमध दीना. हात वर करून खदाखदा हसत होते. मला फार वाईट वाटलं. इतकं केलं ह्या लोकांसाठी.
मला बघून सगळ्यांनी हात खाली घेतले. मग बन्सी म्हणाला, सर, बरं झालं आले. आमी नऊच हाय, उद्या यादी नगरला धाडायचीय. एक मानूस कमी पडतंय. अट एकच, भाषन न्हाई.
अध्यक्ष कोण, विचारलं. सगळ्यांनी दीनाकडे बोट केलं.
अर्जावर सही केली. सभासद क्रमांक दहा. निदान नारळ तरी देतील म्हणून थोडा वेळ उभा राहिलो. स्वागत वगैरे काही झालं नाही. माझ्याकडे बघून थेट हसायला लागले.