हरिश्चंद्र घरी नाही

पूर्णगड,
९ फेब्रुवारी १९८६

तीर्थस्वरूप विमलाआत्यास,
दमयंतीचा साष्टांग नमस्कार.

पोफळीला अजून थंडी असेल. तुझे गुडघे कसे आहेत? "इकडील सर्व क्षेम" असं सवयीने लिहून गेले होते, पण ते खरं नसल्यामुळे खोडलं. वरचा काळा डाग त्याचाच आहे.

आजोबा पडले हे बाबांच्या पोस्टकार्डावरून तुला कळलंच असेल. कसे पडले ते त्यात नसणार, कारण मला सांभाळून घ्यायला घरातलं कुणी ते बोलत नाही. म्हणून मीच लिहिते.

यंदा कॉलेजात आम्हाला दूरसंचाराची प्राथमिक ओळख असा विषय आहे. टेलिफोनचं जाळं कसं विणलेलं असतं, एक्स्चेंज काय करतं, दोन गावांमधल्या तारा थोड्या आणि बोलणारे फार, मग कोण किती ताटकळेल याचं गणित. वर्गात मुली दोनच, मी आणि कमळा. विषय मला मनापासून आवडला (हे आता लिहायला लाज वाटते). एक दिवस सर म्हणाले, बोलणं सुरू होण्याआधीच तार अडलेली असते, नुसती हाक मारायलाही ती लागते. मला आपलं घर आठवलं.

आपली पद्धत तुला नवी नाही. पण मला ती एकदा कागदावर मांडून पाहायची आहे, म्हणजे चूक नेमकी कुठे झाली ते दिसेल. दुकानात फोन आला तेव्हापासूनचा आजोबांचा नियम असा: बाहेरगावी पोचलं की ऑपरेटरकडे खास माणसाचा कॉल नोंदवायचा आणि माणूस मागायचा हरिश्चंद्र. हरिश्चंद्र नावाचं आपल्यात कधी कुणी नव्हतं. (खोट्या माणसाला हे नाव आजोबांनी मुद्दाम ठेवलं आणि त्यावर ते वर्षभर हसत होते.) आजोबांनी सांगायचं, तो घरी नाही. माणूस नाही म्हणजे बोलणं नाही, बोलणं नाही म्हणजे बोलण्याचे पैसे नाहीत (नाव मागण्याची किरकोळ फी लागते, ती लागते), आणि पोर सुखरूप पोचली एवढं मात्र घरी कळलं. दुसरा नियम, खरं नाव फक्त मयताला. तो एकदाच लागू झाला, बाळाकाका बोटीवरून समुद्रात गेला तेव्हा. मुंबईहून कंपनीच्या माणसाने खुद्द विठूशेट, म्हणजे आजोबाच, मागितले होते.

पण आजोबांना नुसतं "नाही" म्हणून थांबणं कुठे जमतं! "हरिश्चंद्र हितं नाय हो, पालीच्या बाजारात गेला." पुढच्या खेपेला तो तापाचं औषध आणायला गेलेला, त्याच्या पुढच्या खेपेला मुलगी बघायला. शेवटी रत्नागिरीच्या ऑपरेटरबाईंनी मलाच विचारलं, "लग्न ठरलं का हो त्याचं?" मी घाबरून फोन ठेवला. खोटं बोलू नये हे शाळेत जाण्याआधी तू माझ्याकडून पाटीवर गिरवून घेतलंस, आणि हरिश्चंद्र मागायलाही तूच शिकवलंस. घरात शिकलेलं पुसलं जात नाही, दोन्हीतलं काहीच पुसलं गेलं नाही.

तर मी वर्गात उभी राहून विचारलं, नसलेल्या माणसाला फोन लावला तर तार अडते का. सर म्हणाले, "नसलेला माणूससुद्धा असलेल्याइतकीच तार अडवतो." वर्ग हसला. कमळा म्हणाली, "काय गो, नसलेला कोण तुझा?" मी खरं ते सांगितलं (हीही चूकच), आणि तेव्हापासून अख्खं हॉस्टेल मला तारामती म्हणतं. त्याचं काही नाही. पण आपल्या हरिश्चंद्रापायी कुणाचं तरी आजारी मूल, कुणाचा तरी डॉक्टर ताटकळला असेल, हे डोक्यातून जाईना.

गेल्या मंगळवारी सुट्टीहून परत रत्नागिरीला पोचले आणि ठरवलं, खरं नाव, खरा फोन, पूर्ण पैसे. ऑपरेटरबाईंनी आवाज ओळखला. "हरिश्चंद्र ना?" मी म्हटलं, "नाही. खुद्द विठूशेट." बाईंनी विचारलं, "नक्की?" "नक्की," मी म्हटलं, आणि मला फार स्वच्छ वाटलं.

आजोबांनीच उचलला. खुद्द विठूशेट आहेत का, रत्नागिरीहून कॉल आहे, असं बाईंनी विचारलं. बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग "मीच" म्हणाले. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, मग पडल्याचा, मग आईचा. रिसीव्हर लोंबकळत राहिला असावा. मी त्यात ओरडत होते, मी सुखरूप आहे, मी सुखरूप आहे. पूर्ण पैसे भरून.

मी मिळेल त्या एस.टी.ने निघाले. समोरून येणाऱ्या एस.टी.त शेजारचे धाकू आणि रघू मला न्यायला रत्नागिरीला चालले होते, म्हणजे माझं जे काही उरलं असेल ते न्यायला. हॉस्टेलच्या बाई त्यांना म्हणाल्या, "ती तर गेली." धाकूने टोपी काढली. "ते म्हाईत हाय, बाई. पन ठेवलीय कुठं?" (बाईंना अजून बरं वाटत नाही असं कमळा कळवते.) इकडे दुकानात चिमाकाकू माझ्या नावाने रडत होत्या. मी किती गुणी होते ते मी दारात उभी राहून ऐकलं. त्यातलं निम्मं खरं नव्हतं. त्यांनी वर पाहिलं, किंचाळल्या आणि न्हाणीघरात जाऊन आतून कडी घातली.

हसायचं ते एवढंच, आत्या. आजोबांचं खुब्याचं हाड मोडलं आहे. खाट दुकानात फोनजवळ लावली आहे, कारण दुसरीकडे नेलं की ते हातानेच नको म्हणतात. त्या दिवसापासून ते एक शब्द बोललेले नाहीत. डॉक्टर म्हणतात, जीभ शाबूत आहे. दोन चमचे पेजेपलीकडे पोटात काही जात नाही. असंच राहिलं तर शिमगा काही बघत नाहीत, असं डॉक्टर बाबांना अंगणात म्हणाले. मी दाराआड होते. रोज त्यांच्यासमोर बसून मी सांगते, आजोबा, मी दमयंती, मी सुखरूप आहे. ते माझ्याकडे बघतात, आणि मग फोनकडे. माझ्या तोंडी सांगण्यावर त्यांचा विश्वास बसत नाही. का बसावा? आपल्या घरात खुशाली अशी कधी आलेलीच नाही.

घरातल्या सर्वांना नमस्कार सांग. गुडघ्यांना तेल लावत जा.

तुझी,
दमयंती

ता.क. इकडे यायची घाई करू नकोस, त्याआधी एक फोन कर. खास माणसाचा कॉल नोंदव आणि हरिश्चंद्र माग. वर जे लिहिलं त्यातलं मी काही मागे घेत नाही. तरी कर.

ता.क. तुमच्या कॉलनीच्या ऑफिसचा फोन घरच्या कामाला वापरू नये, पोस्टातून कर. पोस्ट बंद असेल तर ऑफिसचा वापर.

ता.क. तो घरी नाही असं आजोबा म्हणाले, की लगेच फोन ठेवू नकोस. तो कुठे गेलाय ते त्यांना सांगू दे. तार अडली तर अडू दे.