पहिली वाटी

आई, आज दुपारी जेवण झाल्यावर ऑफिसच्या खुर्चीतच डोळा लागला आणि मी तुझ्या स्वयंपाकघरात जाऊन पोचले. बालाघाटचं आपलं घर, मागच्या दाराशी पेरूचं झाड, त्याच्या पानांतून गाळून आलेलं हिवाळ्यातलं ऊन ओट्यावर पडलेलं. तू पाठमोरी उभी आहेस. खिरीचं पातेलं उतरवतेस, पहिली वाटी भरतेस, वर ताटली झाकतेस. 'कोनाची हाय हे?' असं मी विचारते. तू वाटी माझ्या हातात देतेस आणि मी चालू लागते. गल्ली काही केल्या संपत नाही. सगळी दारं उघडी आहेत आणि ही वाटी कोणत्या दारी द्यायची ते मला आठवत नाही. तेवढ्यात शेजारच्या टेबलावर फोन वाजला आणि मी जागी झाले. तळहात गरम वाटत होता. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण स्वप्नात येऊनही तू बोलत नाहीस, कामच सांगतेस.

हे स्वप्न का पडलं तेही मला ठाऊक आहे. सकाळी आमच्याकडे बैठक होती. कागद, अहवाल सगळ्यांनी एका जागी ठेवावेत म्हणून नवी सोय केली आहे आणि नव्या सोयीचं नेहमी होतं तसं अजून तिथे कोणी काही ठेवत नाही. मी आता तिथली सगळ्यात जुनी, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नेहमीचंच सांगितलं, की पहिली वाटी आपली जाते, आणि चांगल्यातली जाते. माझं हे वाक्य इथे नागपुरात आता सगळ्यांना पाठ आहे. ते माझं नाही हे मी कधी सांगत नाही, आणि ते मला केवढ्याला पडलं हे तर कोणालाच माहीत नाही. तुलाही नाही.

तुझे दोन नियम होते. एक, वाटी रिकामी परत करायची नाही. मी तिसरीत असेन. शेजारच्या काकूंनी भजी पाठवली होती, मी वाटी घासूनपुसून लख्ख केली आणि शहाण्यासारखी नेऊन दिली. घरी आले तर तू दारातच. 'रिकामी वाटी नेऊन देल्ली वं? त्या बाईले काय वाटलं असन?' मी म्हटलं, घासून दिली ना. 'घासाले तिच्या घरी पानी नाही का?' असं म्हणून तू गुळाचा खडा माझ्या मुठीत कोंबलास आणि मला उलट्या पावली पाठवलंस. मी रडत रडत तो खडा काकूंना दिला, अर्धा चाटूनच. घरात काहीच नसलं तर तू वाटीत कढीपत्त्याची दोन पानं ठेवायचीस. कढीपत्ता त्यांच्याही अंगणात होता, पण तुला त्याचं काही नव्हतं.

दुसरा नियम मला कळायला वेळ लागला. समोरच्या घरात रायपूरकडच्या एक बाई राहायला आल्या. नवरा अधिकारी, घरात गालिचा, बाईंचं दार सदा लावलेलं. सगळी गल्ली म्हणायची, गर्विष्ठ आहेत. तू त्या दिवशी खीर केलीस, घरात जपून ठेवलेल्या चिन्नोर तांदळाची, ज्याचा वास शिजताना गल्लीच्या वळणापर्यंत जायचा. आपण कोणी चाखायच्या आत पहिली वाटी तू त्यांच्याकडे पाठवलीस. मी चिडले. त्यांनी काय दिलंय आपल्याला? तू म्हणालीस, 'कोनीतरी पहिले द्यालेच लागते. आन् द्याचं तं चांगलं द्याचं. उरलंसुरलं देल्लं तं मानूस वाटी नाही पाहात, आपलं मन पाह्यते.' वाटी परत येईना. मी रोज आठवण करून द्यायचे, आपली वाटी गेली, जाड कडेची होती, चांगली होती. तू हसायचीस. 'येईन. वाटीले रस्ता मालूम असते.' आणि एक दिवस ते दार उघडलं, बाई स्वतः रस्ता ओलांडून आल्या आणि वाटीत ठेठऱ्या होत्या, त्यांच्याकडच्या बेसनाच्या, कडकडीत. बाई एकट्या पडल्या होत्या, गर्व वगैरे काही नव्हता. पुढे त्या तुझ्या कोण झाल्या हे तुला सांगायला नको.

मला नोकरी लागली त्या दिवशी तू सगळ्यात आधी त्यांनाच सांगायला गेलीस. खाणींना यंत्रं भाड्यानं देणारी ती खाजगी कंपनी, तिचं शहरातलं दुमजली ऑफिस. कंपनीची यंत्रं मलाजखंडकडे चालायची, दुरुस्तीचं शेड किरनापूरच्या रस्त्याला होतं, आणि सगळे अहवाल जीपमधून यायचे, तेही धुळीनं माखून. मोठ्या साहेबांना कुठूनतरी कळलं होतं, की आता कागद फिरवत नाहीत, कंपनीचं आतल्या आत एक जाळं करतात, ज्याला जे हवं ते त्यानं आपल्या कॉम्प्युटरवर पाहावं. ते जाळं विणायला मला घेतलं, एका वर्षाच्या करारावर. जमलं तर कायम करू, असं म्हणाले. कायम म्हणजे काय ते आपल्या दोघींना माहीत होतं. बाबा गेलेले, घरात आपण दोघीच. बालाघाटात मला नोकरी राहिली तर मी तुझ्याजवळ राहणार, नाहीतर पोटामागं जाणार. तू देवापुढे काही बोलली असशील. मला म्हणालीस फक्त, 'डबा घेऊन जाजो.'

ते पहिले महिने मला आता पाण्याखालून पाहिल्यासारखे दिसतात. मी भिंतीच्या कडेनं निळ्या तारा ओढते आहे, स्टुलावर उभी राहून खिळे ठोकते आहे, चुन्याची पूड केसांत पडते आहे. किरनापूरचं शेड टेलिफोनच्या तारेनं जोडायचं होतं. जोडणी लागताना मोडेमचा डबा जो किंचाळायचा, तो आवाज ऐकायला लोक आपापली कामं सोडून यायचे. मग एका दुपारी पडद्यावर पान उमटलं, वर कंपनीचं नाव, खाली एकेका विभागाचा कप्पा. साहेबांनी पेढे वाटले. आणि त्यानंतर काहीही झालं नाही. सगळे कप्पे रिकामे. लोक यायचे, उघडून पाहायचे, आत काही नाही म्हणून बंद करायचे. प्रत्येकाला दुसऱ्याचे अहवाल हवे होते आणि आपला कोणालाच दाखवायचा नव्हता, ताकाला जाऊन भांडं लपवणारी सगळी मंडळी. सुट्या भागांचं भांडार ज्यांच्याकडे होतं ते साहेब वयस्कर, तापट, सदा कुलपाची चाळवाचाळव करत बसणारे. त्यांच्याकडे मी भांडाराची यादी मागायला गेले. त्यांनी चष्मा काढला आणि सरळच सांगितलं, 'बेटा, लिस्ट सबको दिखा दूँ, तो फिर मेरे पास आएगा कौन?' मला राग आला, आणि मी यादीशिवाय परत आले. दिवाळीपर्यंत हे चालू झालं नाही तर बंद करू, असा निरोप मोठ्या साहेबांकडून आलाच.

त्या दिवशी मी जेवले नाही. तू ओट्याशी बसून मेथी निवडतेस, माझ्याकडे न पाहता. 'काहून वं, पोयी तशीच ठेवली?' मी तुला सगळं सांगते. जाळं म्हणजे काय ते सांगताना माझी त्रेधा उडते. तू ऐकतेस, देठं बाजूला करतेस आणि विचारतेस, 'म्हंजे साऱ्या गल्लीचा एकच ओटा?' मी म्हणते, हौ, तसंच समज. 'मंग त्याच्यावर तू काय ठेवलं?' मी सांगते, सुट्ट्यांची यादी, जुनी परिपत्रकं. तुझा हात थांबतो. 'शियं, कालचं ठेवलं म्हन. शिय्यावर कोन पान मांडन? तुह्याजोळ चांगलं काय हाय?'

चांगलं एकच होतं, आणि ते मी लपवून ठेवलं होतं. महिनाअखेरचा डिझेलचा अहवाल सगळ्यांचा जीव खायचा. कोणतं यंत्र किती तास चाललं, किती डिझेल प्यायलं, कुठे गळती, त्या आकडेमोडीत लोकांच्या दोन-दोन संध्याकाळी जायच्या. मी कॉम्प्युटरवर त्याची एक फाईल बनवली होती. आकडे भरले की अहवाल आपोआप तयार. ती फक्त माझ्याकडे होती, कुलूप लावलेली. महिना संपत आला की सगळे माझ्या टेबलाशी, कोणी चहा आणायचं, कोणी समोसा. एका वर्षाच्या करारावरच्या मुलीला आणखी काय हवं? ती फाईल माझी नोकरी होती, आई. हे मी तुला बोलले नाही. बोलले असते तर तू काय म्हणाली असतीस, ते मला आजही ठरवता येत नाही. मी फक्त म्हटलं, हाय एक गोष्ट. तू म्हणालीस, 'मंग ते जाऊ दे पहिले,' आणि पुन्हा मेथी निवडू लागलीस.

मी ती ठेवली. कुलूप काढून, कशी वापरायची ते हिंदीत लिहून ठेवली. त्या महिनाअखेरीला माझ्या टेबलाशी कोणी आलं नाही. दिवसभर मी खिडकीतून रस्ता पाहत बसले, सायकली जात होत्या, ऊन सरकत होतं, आणि आतल्या खोलीतून लोकांचं हसणं येत होतं, कारण अहवाल दुपारीच संपले होते. इतकं एकटं मला आधी कधी वाटलं नव्हतं. मला समोरच्या घरातल्या त्या बाई आठवल्या. आणि मग दोन-तीन दिवसांनी सकाळी मी कॉम्प्युटर सुरू करते, तर भांडाराच्या कप्प्यात काहीतरी आहे. सुट्या भागांची अख्खी यादी, एका बोटानं टाइप केलेली, चुकांनी भरलेली. त्यामागून किरनापूरच्या शेडचा दुरुस्तीचा अहवाल आला, मग लेखा विभागाचा. दिवाळीला कप्पे असे भरले होते की शोधायला वेळ लागायचा. मी घरी येऊन तुला सांगितलं. तू म्हणालीस, 'मंग? वाटीच हाय ना ते बी.' आणि खीर केलीस.

वर्ष संपलं तेव्हा मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. चांगलेच वागले, खुर्ची दिली, चहा मागवला. 'अब तो सब अपने आप चल रहा है, बेटा,' असं म्हणाले. म्हणजे गरज सरो आणि वैद्य मरो, पण गोड शब्दांत. मी जिना उतरत होते तेव्हा भांडारवाल्या साहेबांनी हाक मारली. त्यांना आधीच कळलं होतं. नागपुरात त्यांच्या ओळखीच्या माणसाची कंपनी होती, तिथे ते फोन करून बसले होते. 'मेरे पास लोग अब भी आते हैं,' ते म्हणाले, जणू आमचं बोलणं कालच अर्धवट राहिलं होतं. 'लिस्ट देख के आते हैं। और ज़्यादा आते हैं।' वाटी रिकामी आली नाही, आई. पण ती नागपुरात आली.

तुला मी सांगितलं, की नागपूरला मोठी नोकरी लागली म्हणून ही सोडली. तू गल्लीभर सांगत फिरलीस. गोंदियाच्या बसमध्ये मला बसवून दिलंस, खिडकीतून डबा दिलास, 'दिवायीले येजो' म्हणालीस, आणि बस वळेपर्यंत उभी राहिलीस. मी दिवाळीला आले, पुढच्याही दिवाळीला आले. त्याच्या पुढची दिवाळी तुझ्यावाचूनची होती. समोरच्या बाईंचा फोन आला तेव्हा मी कोणालातरी फाईल कशी उघडायची ते दाखवत होते. मी पोचेपर्यंत त्यांनी तुझे केस विंचरून ठेवले होते. घर बंद केलं त्या दिवशी त्या रस्ता ओलांडून आल्या आणि तुझी कडेची वाटी माझ्या हातात दिली. तिच्यात ठेठऱ्या होत्या. मी त्या गोंदियापर्यंत पुरवून पुरवून खाल्ल्या.

ती वाटी आता माझ्या टेबलावर असते. तिच्यात टाचण्या ठेवते मी, त्या नसल्या तर बडीशेप. लोक म्हणतात, मॅडम, तुमच्यामुळे इथे कोणी काही लपवत नाही. खरं आहे ते, आणि मला त्याचा अभिमानही आहे. तुझा नियम चुकीचा नव्हता. सकाळी बैठकीतही मी तोच सांगितला आणि उद्याही सांगेन.

हे पत्र मात्र मी अशा कप्प्यात ठेवते आहे जो कोणालाच उघडता येत नाही. तुझ्याशिवाय हे सांगण्यासारखं दुसरं माणूस नाही. त्या फाईलच्या जोरावर नोकरी टिकली असती आणि तुझी उरलेली दोन वर्षं मला तुझ्याजवळ मिळाली असती हे तेव्हा कळलं असतं, तर आई, मी ती कुलपातच ठेवली असती, आणि ओट्यावर सुट्ट्यांची यादी.