मंडपात तुमचा आवाज

खामगाव, भाद्रपद शुद्ध एकादशी

तीर्थरूप बाबांच्या पायी शेषरावचा दंडवत.

मी मजेत हाये. खानावळीतलं जेवन आता मानवलं, मायले सांगा. तिचा गुडघा कसा हाये?

बाबा, काल सांजच्याले गनपतीच्या मंडपात पुन्याच्या नकलाकाराचा खेळ पाह्यला. एकटाच मानूस, पन हसू हसू लोकायचे पोटं दुखले! मंग त्यानं वऱ्हाडी शेतकऱ्याची नक्कल केली, अन् त्याचं "काऊन बे" पुनेरीच निंगालं. माह्या तोंडातून गेलं, "असं नाही हो, भाऊ!" त्यानं मले हात धरून वर नेलं. काही सुचेना, म्हनून तुमचाच आवाज काढला, "काऊन बे शेष्या, बैलं उठले, तू कधी उठशीन?" सारा मंडप खदखदला!

नकलाकार म्हन्ते, पुढच्या महिन्यात अकोल्याच्या खेळाले संगं चाल. कापसाच्या जिनातून एक दिवसाची सुट्टी भेटते, नोकरी सोडत नाही, घाबरू नका. पन मी म्हनलं, ज्याची नक्कल हाये त्याले इचारल्याबिगर येनार नाही.

जाऊ का? रागावले असान तर तसंच लिहा, तुमच्याच शब्दात. तेही खेळात कामी येईन.

तुमचा शेष्या