चिमूटभर चॉकलेटी

रविवार, संध्याकाळ

भाचीच्या, चिनूच्या हळदीसाठी घरातल्या बायकांना मी पॉलिमर क्लेची कानातली केली. आईला शेवंतीची पिवळी, चिनूला झेंडूची, मला जास्वंदीची. चिनूच्या आईला, म्हणजे माझ्या वहिनीला, अबोलीची करायची होती. केशरीत गुलाबी आणि पांढरी क्ले मळून रंग अगदी जमलाही होता. मग त्यात मी चिमूटभर चॉकलेटी मिसळली. का? गेल्या वर्षी दादा गेला, म्हणून? मला कुणी सांगितलं होतं? म्हणे लोक बोलतील. लोक कुठले, मीच की!

आज ओव्हनमध्ये भाजलेल्या कानातल्यांचा ट्रे वहिनीपुढे ठेवला. बाकीच्यांची फुलं तिने पटापट ओळखली. स्वतःच्यापाशी अडली.

"ही कुठल्या फुलाची गं?"

"बकुळीची," मी ठोकून दिलं.

"वाळलेल्या का?" एवढंच म्हणाली.

चॉकलेटी न घातलेला अबोलीचा थोडा गोळा ओट्यावरच पडला होता. तोही तिने पाहिला. चिमूटभरच तर घातली होती मी.

वहिनीने तिथल्या तिथे ती कानात घातली, ओव्हनच्या काचेत वाकून पाहिलं आणि विचारलं, "शोभतात ना मला?"

मी हो म्हणाले.