चेहरा पुसण्याआधी

१२ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तू, भाऊजी बरे असाल, चिमीची नववीची परीक्षा नीट चालली असेल. आई ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, जिभेला मात्र काही झालेलं नाही. काल पंखा पुसायला स्टुलावर चढली होती. मी ओरडले, तर मलाच म्हणते, "मग तू खाली उभी राहून काय करत होतीस?"

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. पोस्टात पाकीट मागितलं तर खिडकीतल्या बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी घोडा बांधायला जागा विचारली होती.

विषय तुला माहीत आहे. आपल्या धाकट्याचे, भोंग्याचे मेंदूचे स्कॅन. मधल्या बऱ्या दिवसांत त्यानं स्वतः सही करून ते आमच्या हॉस्पिटलला संशोधनासाठी दिले होते. आता ते बाहेरच्या संशोधकांनाही द्यायचेत. एका हॉस्पिटलातल्या मूठभर पेशंटवरून काही कळत नाही गं. ठिकठिकाणचे हजारो एकत्र ठेवले, तर हा आजार डोक्यात कसा शिरतो ते कदाचित दिसेल. पण तो आता नाही, म्हणून घरच्यांची परवानगी हवी. आई म्हणते, "थोरली हो म्हणाली तरच मी सही करीन." आणि थोरलीनं आईला ऐकवलं, "घरातलं वेड जगभर नाचवायचं नाही. झाकली मूठ राहू दे."

कसली झाकली मूठ, ताई? तो गच्चीत उभा राहून ओरडायचा तेव्हा अख्ख्या गल्लीनं ऐकलंय. आपलं नाव सार्थ केलंन त्यानं. ते नावही तूच ठेवलेलं.

तुला भीती चिमीची आहे, हे मला कळतं. उद्या कुणी तिच्याकडे बोट दाखवायला नको. म्हणून माझं काम काय असतं ते नीट सांगते. स्कॅन बाहेर पाठवायच्या आधी मी त्यातलं नाव काढते, जन्मतारीख काढते, आणि मग चेहरा पुसते. हो, चेहरा! नोकरी लागेपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं. डोक्याच्या स्कॅनमध्ये नुसता मेंदू नसतो, नाक, ओठ, कान सगळं येतं. कॉम्प्युटरवर ते जोडलं की माणूस चक्क ओळखू येतो. म्हणून कपाळाखालचं सगळं खरवडून टाकायचं. मागे राहतो मेंदू आणि एक नंबर. तो कुणाचा भाऊ, कुणाचा मामा, कुणाला कळणार नाही.

एवढंच लिहून सोबत सहीचा कागद घालणार होते. पण मन ऐकेना.

गेल्या आठवड्यात त्याच्या स्कॅनची पाळी आली. आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा दुसऱ्या कुणाला देते." मी म्हटलं, नको, माझं माणूस आहे, मीच करते. शहाणपणा नडला. फाइल उघडली आणि समोर तो. राखाडी, केसांशिवाय, डोळे मिटलेले. सायकलवरून आपटला होता तेव्हाचा नाकाचा बाकसुद्धा जसाच्या तसा. ताई, मी टेबलावर डोकं ठेवून ढसाढसा रडले. शेजारच्या मुलीनं न विचारता पाण्याचा ग्लास आणून ठेवला.

तुला हे माहीत नसेल. तू यायची थांबलीस त्या वर्षापासून त्यानं स्वतःचा फोटो काढू दिला नाही. कॅमेरा आतलं काहीतरी उचलून नेतो, म्हणायचा. घरात त्याचा शेवटचा फोटो कॉलेजच्या ओळखपत्रावरचा, नुकतं मिसरूड फुटलेला. गेला तेव्हा पस्तिशीला टेकला होता. आई म्हणते, "चेहरा आठवायला गेलं की तो कॉलेजातलाच येतो बघ." स्कॅनला मात्र आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाला, "कॅमेरा चोरून घेतो. हे मशीन बोंबलून घेतं. प्रामाणिक आहे बिचारं." आणि मशीनवाल्या काकांना काय सांगावं? "डोक्यातले लोक काय बोलतात ते ऐकू आलं तर मलाही कळवा. मला अर्धंच समजतं."

तू आली नाहीस याबद्दल माझ्या मनात राग नाही. तान्ही चिमी उचलून तो बाथरूममध्ये कडी लावून बसला, ही आपली पोर नाही, बदललेली आहे म्हणत. दार तोडेपर्यंतची तुझी किंकाळी माझ्या कानातून अजून गेली नाही. पोर सुखरूप निघाली. पण कुठल्या आईनं त्या घरात परत पाऊल टाकलं असतं? मीसुद्धा टाकलं नसतं.

आता जे लिहायचं मघापासून टाळतेय ते लिहिते.

त्याचे आधीचे स्कॅन वाया गेले. आत गेला की चुळबुळ करायचा, आणि हललं की चित्र फिसकटतं. शेवटी काका मला म्हणाले, "तुम्ही आत बसा, पाय धरून ठेवा. कुणी जवळ आहे असं वाटलं की माणूस शांत राहतो." मी बसले. तो कमरेपर्यंत मशीनमध्ये, मी त्याला दिसत नव्हते. मशीनचा आवाज मध्येच थांबला तेव्हा आतून म्हणाला, "ताई, तू आहेस ना?"

लहानपणी पांघरूण लाथाडायचा म्हणून तू त्याचा पाय हातात धरून झोपायचीस. मी तोंड उघडलं. तेवढ्यात स्पीकरवरून काका म्हणाले, "बोलायचं नाही, हलायचं नाही." मग मी नुसता त्याचा पाय दाबला. त्यानंतर तो जराही हलला नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, एवढा स्वच्छ स्कॅन सगळ्या संचात दुसरा नाही.

बाहेर आल्यावर माझ्याकडे बघून म्हणाला, "तूच होतीस होय." आणि चपला शोधायला लागला. त्याच हिवाळ्यात न्यूमोनियानं गेला.

तू हो म्हणालीस तर चेहरा पुसून स्कॅन बाहेर जाईल. नाही म्हणालीस तर महिनाअखेर सगळीच फाइल काढून टाकतील. चेहरा कसाही जाणारच. त्याचा फोटो घ्यायला परवानगी नाही, आणि मी चोरून घेणारही नाही, त्याला ते आवडलं नसतं. पण घरच्यांना एकदा दाखवायला बाईंनी हो म्हटलंय. आईला विचारलं, तर म्हणाली, "थोरली आली की दोघी मिळून बघू." तेव्हापासून रोज चांगली साडी काढून खुर्चीवर ठेवते.

सही कर नाहीतर नको करूस, मी अबोला धरणार नाही. पण एकदा ये गं. तो तुझ्या भरवशावर तसा पडून राहिला होता, आणि तो चेहरा तू बघितला नाहीस तर पुसायला माझा हात उठायचा नाही.

तुझ्या जागी त्याचा पाय धरून बसलेली,
मधली