मागच्या रांगेतला 'नाही'

९ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

वर्षभरात तुला एक ओळ लिहिली नाही, माफ कर. हेही बहुधा पाठवणार नाही. बातमीदारी तूच शिकवलीस आणि तुलाच हे सांगायची लाज वाटते.

परवा प्रसूतिगृह बंद करण्याबद्दल नगरपालिकेची सभा होती. मी गेलोच नाही. सभेचं रेकॉर्डिंग संगणकाला दिलं, त्यानं चुटकीसरशी बातमी लिहिली आणि मी वर माझं नाव घातलं. मथळा होता, 'निर्णय बिनविरोध'.

काल प्रसूतिगृहातल्या नर्सबाईंचा फोन आला. "सभेत मी मागच्या रांगेत उभी राहून तीनदा 'नाही' म्हणाले. तुमच्या कानात बोळे होते का, भाऊ?"

माईक पुढे होता. त्यांचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये आलाच नव्हता. फोनवर मी नुसताच 'बघतो' म्हणालो.

संपादक म्हणाले, "वेबसाइटवरचा शब्द गुपचूप बदल. कोण बघतंय?"

"त्या बघतायत. चूक माझ्या नावानं छापली, कबुलीही माझ्याच नावानं छापायची. मी सभेला नव्हतो, हेसुद्धा."

"आणि तुझी नोकरी?"

"ती तुम्ही बघा."

यात धीर किती आणि अपराधीपणा किती, मला ठरवता येत नाही. पण मागे हटणार नाही. यंत्राला दोष देऊन मी सुटत नाही. घरी बसलेले पाय माझेच होते.

तुझा,
आळशी भाचा

उद्या: कबुली छापून यायच्या आधी नर्सबाईंना भेटून सांगणे, की मी सभेला नव्हतो.